विजेच्या जुन्या गाडीची नाडी कशी पाहावी?

मोसंबी विकत घेताना आपण काय करतो? सालीच्या तुकतुकीवर जात नाही. फळ हातात घेऊन तोलतो. जड लागले तर आत रस, हलके लागले तर नुसता चोथा. आमच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरी इथल्या बाजारात तोलून पाहिल्याशिवाय कोणी फळ पिशवीत टाकत नाही. गहू घेताना दाणा दाताखाली धरतो, पातेले वाजवून घेतो. मग पाच-सहा लाखांची जुनी गाडी दारात यायची असेल, तेव्हाच ‘ते पुरुषमंडळी बघतील’ म्हणून आपण मागे का राहतो बरे?

या आठवड्यात लिहिणार आहे ते विजेवर चालणाऱ्या जुन्या मोटारीबद्दल, आणि त्यातही तिच्या बॅटरीबद्दल. ‘हा विषय आपल्या सदरात कसा?’ असे काही जणी म्हणतील. पण घरातली शिल्लक जिथे जाते, तो विषय गृहिणीचा नाही तर कोणाचा? टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. त्या सुमारास घेतलेल्या विजेच्या गाड्या आता पहिल्या मालकाच्या हातून दुसऱ्याकडे जाऊ लागल्या आहेत. नव्यापेक्षा त्या पुष्कळ स्वस्त मिळतात. स्वस्त का, तर घेणाऱ्याच्या मनात बॅटरीची धास्ती असते म्हणून. ही धास्ती कधी खरी असते, कधी उगीचच असते. खरी की उगीच, हे तपासण्याची सोय आता आपल्या मोबाइलमध्ये आणि घरच्या वीजमीटरमध्ये आहे. ती कशी वापरायची ते सांगते.

हंडा किती भरलाय, आणि हंड्यात मावते किती?

पेट्रोलची गाडी आवाजावरून, धुरावरून, ऑइलच्या रंगावरून ओळखता येते. गल्लीतला मेकॅनिक बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगतो. विजेची गाडी मात्र आवाज करत नाही की धूर सोडत नाही. तिचा सगळ्यात महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि ती गाडीच्या पोटाखाली कुलूपबंद पेटीत असते. रंग नवा, सीटची कव्हरे नवी, टायर नवे, पण बॅटरी दमलेली, असे होऊ शकते.

दोन गोष्टींत गल्लत करू नका. गाडीच्या काचेवर ‘१०० टक्के’ दिसते ती चार्जची पातळी. म्हणजे हंडा किती भरलाय ते. पण हंड्याला पोचे आले असतील तर काठोकाठ भरूनही पाणी कमीच मावणार! मुळात जेवढे मावत होते त्याच्या किती टक्के आज मावते, त्याला बॅटरीची प्रकृती म्हणतात. इंग्रजीत हिचे लघुरूप ‘एसओएच’, आणि चार्जच्या पातळीचे ‘एसओसी’. विकणारा ‘शंभर टक्के चार्ज होते बघा’ म्हणाला, तर तो पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो आहे. आपण दुसरीबद्दल विचारायचे.

वापराने बॅटरीची प्रकृती थोडी उतरतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. निरनिराळ्या देशांतल्या गाड्यांच्या नोंदी पाहिल्या तर वर्षाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास घट दिसते. म्हणजे पाच वर्षांच्या गाडीत नव्वदच्या आगेमागे आकडा आला, तर ती गाडी वयाप्रमाणे आहे असे समजावे.

मोबाइलवर नाडी कशी दिसते?

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा छिद्रांचा एक लहानसा सॉकेट असतो. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. मुळात ही सोय पेट्रोलच्या गाड्यांचे प्रदूषण तपासण्यासाठी निघाली. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना ती सक्तीची झाली. आता विजेच्या बहुतेक गाड्यांतही हा सॉकेट असतो.

या सॉकेटमध्ये बसवायचा काडेपेटीएवढा एक अ‍ॅडाप्टर मिळतो. ‘ईएलएम ३२७’ या नावाने मागितला की दुकानदाराला कळते. काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत किंमत असते. फार स्वस्तातले मध्येच तुटतात, आकडे अडखळत देतात. म्हणून मधल्या किमतीचा घ्यावा, किंवा ओळखीत कोणाकडे असेल तर एक दिवस मागून आणावा. तो ब्लूटूथने मोबाइलशी जोडायचा आणि मोबाइलवर ‘कार स्कॅनर’सारखे अ‍ॅप उघडायचे. प्रत्येक अ‍ॅप प्रत्येक गाडीची भाषा समजतेच असे नाही. म्हणून आपल्याला हव्या त्या गाडीचे नाव आणि साल अ‍ॅपच्या यादीत आहे का, ते घरूनच पाहून निघावे.

अ‍ॅपमध्ये आकड्यांची ही मोठी यादी येते. गोंधळून जाऊ नका. आपल्याला चारच पाहायचे आहेत.

पहिला, प्रकृतीचा टक्का.

दुसरा, सेलच्या व्होल्टेजमधला फरक. बॅटरीच्या पेटीत एकामागे एक जोडलेले पुष्कळ सेल असतात. विहिरीपासून घरापर्यंत बायकांनी रांग करून हातोहात घागरी पोचवाव्यात, तसे त्यांचे काम. रांगेतली एकजण दमली की बाकीच्यांच्या अंगात कितीही बळ असो, रांग थांबते. तसेच एक सेल कमजोर झाला की तो आधी रिकामा होतो आणि गाडीला तिथेच आवरते घ्यावे लागते. म्हणून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधले अंतर पाहायचे. गाडी उभी असताना, अर्ध्या चार्जला, हे अंतर १० ते ३० मिलिव्होल्ट असेल तर ठीक. १०० च्या वर गेले तर प्रश्न विचारावा.

तिसरा, बॅटरीचे तापमान. निरनिराळ्या जागची तापमाने दिसतात. ती एकमेकींच्या जवळपास असावीत.

चौथा, लहान १२ व्होल्टच्या बॅटरीचा. दिवे, कुलपे, पडदा हे सगळे तिच्यावर चालते. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. पण ही बदलणे मोठ्या बॅटरीच्या मानाने किरकोळ खर्चाचे. तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नये.

आमच्या घरचा अनुभव

आता ही सारी माहिती प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते ते ऐका. माझे दीर आणि धाकटी जाऊ राहतात अंबडला, नोकरी दोघांची जालन्यात. रोजचे जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर. पेट्रोलचा खर्च महिन्याच्या किराणा बिलाच्या वर जाऊ लागला, तेव्हा त्यांनी जुनी विजेची गाडी घ्यायचे ठरवले. थोडी शिल्लक होती, थोडे कर्ज, आणि उरलेले पैसे जाऊबाईंनी लग्नातल्या दोन पाटल्या मोडून उभे केले. अशा पैशाने घेतलेली वस्तू वर्षभरात आडवी पडली तर काय वाटेल, ते तुम्हांला सांगायला नको.

दोन गाड्या पाहण्यात होत्या. मॉडेल एकच, दोन्हींची बॅटरी छापील ३० युनिटची. पहिली एका विक्रेत्याकडची. पांढरीशुभ्र, कमी चाललेली, आणि पन्नास हजारांनी स्वस्त. दुसरी एका निवृत्त गृहस्थांची. दाराला ओरखडे, किलोमीटर जवळजवळ दुप्पट. भाऊजींचे मन पहिलीवर बसले होते. विक्रेत्याने अ‍ॅपवरचा आकडाही दाखवला : प्रकृती ९६ टक्के. दुसरीचा आकडा आला ९२. झाले, घरात ठरल्यासारखेच झाले.

पण जाऊबाई म्हणाल्या, ‘‘ताई, वर्गातल्या मुलाने स्वतःच स्वतःचा पेपर तपासून ९६ मार्क लिहून आणले, तर तुम्ही द्याल का हो?’’

अगदी खरे होते ते! मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते. उत्तर बरोबर आले तरी पडताळा घ्या, हे मुलांना रोज सांगते. प्रकृतीचा टक्का हा बॅटरीतल्या संगणकाने बांधलेला अंदाज असतो. तो काही बॅटरी उघडून मोजत नाही. गाडी नेहमी मधल्यामध्येच चार्ज होत राहिली, कधी तळापर्यंत उतरली नाही आणि काठापर्यंत भरली नाही, तर हा अंदाज चुकत जातो. विक्रेता खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. यंत्र जे सांगत होते तेच तो दाखवत होता. पण साक्षीदार एकच होता. आम्हांला आणखी दोन हवे होते.

दुसरा साक्षीदार म्हणजे सेलमधले अंतर. दोन्ही गाड्या १५ टक्क्यांपर्यंत उतरवून पाहिल्या. हे मुद्दाम लक्षात ठेवा. कमजोर सेल भरलेल्या बॅटरीत लपून राहतो, तळाशी आल्यावर उघडा पडतो. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असते. तिचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ एकसारखे राहते, त्यामुळे तिथे काही कळतच नाही. तळाशी चांगल्या बॅटरीतही अंतर थोडे वाढते. दुसऱ्या गाडीत ते ४० मिलिव्होल्ट आले. पहिलीत मात्र १८०, आणि दर वेळी खाली पडणारा सेल एकच!

तिसरा साक्षीदार म्हणजे आपला वीजमीटर. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण याला ना अ‍ॅप लागते ना अ‍ॅडाप्टर. गाडीच्या बॅटरीचे माप किलोवॅट-तासात लिहितात, आणि एक किलोवॅट-तास म्हणजेच आपल्या बिलावरचे एक युनिट. चार्जिंग सुरू करताना मीटरचा आकडा लिहून घ्यायचा, १०० टक्के झाल्यावर पुन्हा लिहायचा, आणि वजाबाकी करायची. आम्ही दोन्ही मालकांच्या परवानगीने त्यांच्याच जागी, एकेक रात्र, १५ टक्क्यांपासून १०० पर्यंत चार्ज करून पाहिले. पहिलीने घेतले २३ युनिट, दुसरीने २७.

आता हिशेब बघा. मीटरवरची सगळी वीज बॅटरीत जात नाही. शेकडा १० ते १५ युनिट वाटेत उष्णतेच्या रूपाने जातात. आम्ही १२ धरले, म्हणजे मीटरच्या आकड्याला ०.८८ ने गुणले. भरला होता हंड्याचा ८५ टक्के भाग, म्हणून ०.८५ ने भागले. पहिलीचे उत्तर आले सुमारे २४ युनिट, म्हणजे ३० पैकी ८० टक्के. दुसरीचे आले २८, म्हणजे ९३ टक्के. ओरखडे असलेल्या गाडीचा अ‍ॅपवरचा आकडा ९२ होता. तिचे तिन्ही साक्षीदार एकच बोलत होते. चकचकीत गाडीचा आकडा ९६ होता, आणि तिचे दोन साक्षीदार त्याच्या विरुद्ध!

आम्ही विक्रेत्याला सांगितले, ‘‘गाडी हमीच्या मुदतीत आहे. कंपनीच्या अधिकृत केंद्रात दाखवून तो सेल दुरुस्त करून द्या, किंवा लेखी अहवाल आणून द्या, आम्ही थांबतो.’’ त्यांनी दहा हजार कमी करायची तयारी दाखवली, पण अहवाल आणायची नाही. जाऊबाईंनी नको म्हणून सांगितले आणि पन्नास हजार जास्त मोजून दुसरी गाडी घेतली. ‘‘पाटल्या दोनदा मोडता येत नाहीत,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

मीटरने मोजताना

रात्रभराच्या मोजणीत घरातला फ्रीज, पंखे यांचे युनिटही मिसळतात. एक तर आदल्या रात्री तेवढ्याच तासांत किती युनिट पडले ते लिहून ठेवा आणि वजा करा. किंवा वायरमनकडून चार्जिंगच्या पॉइंटला लहानसा वेगळा मीटर लावून घ्या. घरच्या जाड पिनेच्या सॉकेटवरून तासाला साधारण ३ युनिट किंवा कमीच जातात, तेव्हा आठ-दहा तास धरून चला. चार्जिंग चालू असताना गाडीचा एसी बंद ठेवा. छापील माप आणि प्रत्यक्ष वापरता येणारे माप यांत थोडा फरक असतो, म्हणून दोन-चार टक्क्यांसाठी विक्रेत्याशी भांडू नका. दहा-पंधरा टक्क्यांची तफावत मात्र सोडू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे : त्या सॉकेटला अर्थिंग चांगले हवे. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी कधीही चार्ज करू नये.

आपल्याकडचे ऊन

बॅटरीला थंडीपेक्षा ऊन जास्त बाधते. निसान कंपनीची लीफ नावाची विजेची गाडी अमेरिकेत २०१० च्या अखेरीस आली. तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची व्यवस्था नव्हती. बॅटरीची प्रकृती दाखवणाऱ्या बारा पट्ट्या तिच्या काचेवर असत. अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात मराठवाड्याहूनही कडक उन्हाळा असतो. तिथल्या मालकांच्या पट्ट्या २०१२ पर्यंतच एकेक करून जाऊ लागल्या. लोकांनी तक्रारी केल्या, आणि अखेर कंपनीने हमी दिली की पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर बॅटरी नीट करून देऊ. याच गाडीसाठी ‘लीफ स्पाय’ नावाचे अ‍ॅप निघाले आणि मालक मंडळी स्वतःच सेलचे आकडे वाचू लागली.

आपल्या नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची सोय आहे. तरीसुद्धा जालन्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून जुनी गाडी घेताना सहज विचारावे, ‘गाडी उन्हात उभी असायची की सावलीत?’ आणि घेतल्यावर आपणही तीच काळजी घ्यावी. दुपारी तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, रात्री थंड झाल्यावर लावावी. पूर्ण भरून दिवस-दिवस उन्हात उभी करू नये. रोजच झटपट चार्जिंग करू नये. ते समृद्धी महामार्गाने लांब जायचे असेल तेव्हासाठी ठेवावे. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी मात्र अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरायची असते, म्हणजे तिच्या संगणकाचा अंदाज ठिकाणावर येतो. किती दिवसांनी, ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

निघण्यापूर्वी वहीत लिहून घ्या

हमीचे पुस्तक मागावे. नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला २०२० साली ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांत जे आधी होईल तोवर हमी होती. मुदत पहिल्या खरेदीपासून मोजतात, आपल्या खरेदीपासून नव्हे.

हमी दुसऱ्या मालकाला मिळते का, आणि प्रकृती किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर लागू होते, हे लेखी पाहावे. जगभर पुष्कळ कंपन्यांनी ही रेघ ७० टक्क्यांवर आखली आहे.

अधिकृत केंद्रातल्या देखभालीच्या नोंदी पाहाव्यात. गाडी पुरात उभी होती का, खालून आपटली होती का, तेही विचारावे.

अ‍ॅपमधले फक्त आकडे वाचावेत. चुकांच्या नोंदी पुसण्याचे किंवा काही बदलण्याचे बटण दाबू नये. काम झाले की अ‍ॅडाप्टर काढून घ्यावा. तो तसाच राहिला तर लहान बॅटरी उतरते.

नारिंगी रंगाच्या जाड तारांना कुणीही हात लावू नये. त्यांतला विजेचा दाब घरच्या विजेपेक्षाही जास्त असतो. ते काम शिकलेल्या माणसाचे.

मैत्रिणींनो, एवढे सगळे वाचून ‘हे आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणू नका. दुधाचा हिशेब, भिशीचा हिशेब, गॅसची टाकी किती दिवस गेली, हे सगळे आपण कॅलेंडरवर लिहीतच असतो. मीटरचे दोन आकडे लिहून त्यांची वजाबाकी करायला त्याहून निराळी विद्या लागत नाही. तेव्हा पुढच्या वेळी घरात जुन्या गाडीची बोलणी निघाली की चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका. वही-पेन्सिल घेऊन तिथेच बसा, आणि पहिला प्रश्न तुम्हीच विचारा : ‘‘एक रात्र तुमच्याकडेच चार्जिंगला लावून बघू द्याल का?’’ गाडीवर ज्याचा भरवसा असेल तो लगेच हो म्हणेल.